दारावरचा ळ

आमच्या कचेरीत त्या फॉन्टला सगळे बाईसाहेब म्हणतात. कागदोपत्री नाव वेगळं आहे, मालकाने ठेवलेलं, अत्तराच्या बाटलीला शोभेलसं. पण ते कुणी घेत नाही. बाईसाहेब हेच बरोबर आहे. जाड रेघ चांगली दणदणीत, बारीक रेघ केसासारखी, मधलं काही नाही. टोकांना टपोरे थेंब. बसायला ऐसपैस जागा लागते, शेजारी कुणी खेटलेलं खपत नाही, आणि कामाचं म्हणाल तर इकडची काडी तिकडे करायची नाही. हा फॉन्ट मी काढला. अक्षरं काढणं हाच माझा धंदा आहे. एक फॉन्ट पुरा करायला किती वर्षं लागतात ते मी लोकांना सांगत नाही. ‘अक्षरं तर आधीपासून आहेतच की,’ असं म्हणून ते हसतात.

हे सगळं झालं तेव्हा मी बाईसाहेबांची पुस्तिका लिहीत होते. फॉन्ट विकायला काढताना नमुन्याची एक पुस्तिका सोबत देतात आणि तिच्यात एक पान असतं: कुठे वापरावा, कुठे वापरू नये. मालक म्हणाला, “तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं? टाका लिहून.” लिहिण्यासारखं फार नव्हतंच. नाटकाचं पोस्टर, मासिकाचं मुखपृष्ठ, चॉकलेटचं खोकं, धड्याचं पहिलं अक्षर, भिंतीभर एकच शब्द. थोडे शब्द, मोठा आकार, भोवती मोकळी जागा. आणि कुठे नको, तर औषधाच्या बाटल्या, बसचं वेळापत्रक, दारावरच्या पाट्या, जिथे जिथे माणसाला घाईत किंवा अंधूक नजरेनं वाचायचं असतं तिथे. कारण हा फॉन्ट लहान केला की बारीक रेघा आधी मरतात. शिरोरेषा जाते, वळणं जातात, आणि शब्दाच्या जागी नुसते खांब उभे राहतात.

मुखपृष्ठावर मालकाला एकच ळ हवा होता, पानभर. सगळ्या अक्षरांत तोच उतरलाय, असं त्याचं म्हणणं. विक्री बघणारा म्हणाला, “ळ? ळ ने एकही शब्द सुरू होत नाही. गिऱ्हाईक विचारेल, ही काय भानगड?” मालक म्हणाला, “विचारू दे. विचारेल तो पान उलटेल.” दोघे बराच वेळ हमरीतुमरीवर आले होते. समोरच्या इमारतीत एक माणूस खुर्चीवर चढून पडदा लावत होता, मी त्याच्याकडे बघत बसले. मला ळ चालला असता आणि नसता तरी चाललं असतं.

मला तेव्हा सगळंच चालत होतं. दाताच्या डॉक्टरने सुई मारली की ओठ जागेवर असतो पण आपला नसतो, तसं माझं झालं होतं. ते कधीपासून तेही मला पक्कं ठाऊक आहे. एका दुपारी मी आईकडे गेले, तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बाई, आज दुकान बंद आहे. उद्या या.” आणि दार लावून घेतलं, अगदी सभ्यपणे. मी जिन्यात उभी राहून वाट बघितली, की आता काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. मग खाली जाऊन दूध आणलं आणि पुन्हा बेल वाजवली. या वेळी तिने दूधवाली समजून आत घेतलं.

आई कपडे शिवायची. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान: एक मशीन, एक लांब टेबल, भिंतीला आरसा, आणि टेबलाखाली चिंध्यांत बसलेली मी. दादा मला अजून चिंधी म्हणतो तो तेव्हापासून. बाबा लवकर गेले. त्या एका मशीनवर आईने आम्हा दोघांना मोठं केलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. बोलणार कशी, तोंडात कायम टाचण्या. मी टेबलाखालून बाहेर आले की ती टाचण्यांमधूनच म्हणायची, “खाली बस,” कारण वर कात्री चालू असायची. माझं लहानपण मला आईच्या पायांसकट आठवतं. तोंड नंतर आलं.

दार उघडं टाकून ती रस्त्याने चालू पडायला लागली तेव्हा दादाने आणि मी तिला वृद्धांच्या होममध्ये ठेवलं. दादा परदेशात असतो, त्यामुळे दादाने आणि मी म्हणजे दादाने फोनवर ‘बरोबर आहे’ म्हटलं आणि मी बॅग भरली. होम वाईट नव्हतं. तळमजल्यावर लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, सगळी एकसारखी, सायीच्या रंगाची, वर नखाएवढे आकडे. पॅसेजच्या टोकाला काचेचं दार आणि पलीकडे बाग. आई दिवसातून कितीदा तरी बागेत जायची आणि परत येताना हाताला लागेल त्या दारात शिरायची. नुसती शिरली असती तरी चाललं असतं. पण ती आत जाऊन लोकांची कपाटं उघडायची आणि कपडे उसवायची. वाईट शिवण दिसली की तिला राहवत नसे. सुई-कात्री काढून घेतलेली, तरी दातांनी टाके तोडायची. शेजारच्या खोलीत एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांच्या कोटाची बाही तिने खांद्यापासून मोकळी केली, आणि ते आले तर त्यांनाच म्हणाली, “मुंढ्यात धरतोय तुम्हाला. गुरुवारी घेऊन जा.”

होमच्या मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. टेबलावर मोकळी बाही पडली होती, तिच्याकडे बघत म्हणाल्या, “मला तुमच्या आईंचा त्रास नाही हो. पण बाकीच्यांचे नातेवाईक आहेत, मला तोंड द्यावं लागतं. आईंना आपली खोली सापडायला लागली तर प्रश्नच मिटला. हा महिना बघू. नाहीतर मग वर.”

वर म्हणजे वरचा मजला. मी तो बघून आले. जिन्याच्या तोंडाशी आकडे दाबून उघडायचं दार, आत खोलीभर खुर्च्या, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. कपाटांना कुलपं. खिडक्या बोटभर उघडणाऱ्या. एक म्हातारी रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. शेजारचीने तो रुमाल ओढून घेतला तेव्हा तिचे हात तसेच हवेत राहिले. आई इथे आली की तिचे हात थांबतील, आणि हात थांबले की आई संपलीच, हे मला कळलं. कळलं म्हणजे गणितात कळतं तसं कळलं. घाबरायला हवं होतं, तेवढं जमेना.

“दारावर नाव लावू या,” मी खाली येऊन म्हटलं.

“लावा की,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तुमचा तर धंदाच आहे तो.”

आता मी जे केलं ते या धंद्याबाहेरचं माणूस करणार नाही. मी आईच्या दारावर बाईसाहेब लावल्या. पितळेची पाटी करून घेतली, तिच्यावर आईचं पूर्ण नाव, अक्षरं अंगठ्याच्या पेराएवढी. सकाळी पुस्तिकेत ‘दारावरच्या पाट्यांना नको’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण माझ्याकडे जे सगळ्यात देखणं होतं ते मला आईला द्यायचं होतं, आणि त्या दिवसांत डोकं तेवढंच चालत होतं.

पाटी सगळ्यांना आवडली. न्यायाधीश चष्मा लावून बघून गेले. मेट्रनबाई म्हणाल्या, आमच्या ऑफिसला अशी करून द्याल का. दादाला फोनवर दाखवली तर तो म्हणाला, “चिंधे, काय दिसतंय गं! एकदम राजवाडा.” मी म्हटलं, हो. मग आईला आणलं. तिने पाटीसमोर उभं राहून मान इकडे केली, तिकडे केली.

“किती खांब,” ती म्हणाली, आणि पुढच्या दारात शिरली.

मी पाटी काढली. पितळ चकाकत होतं, आईच्या नजरेला बारीक रेघा दिसणार कुठून? अक्षरकाम न शिकलेल्या कुणालाही आधी कळलं असतं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. आमच्याकडे दुसरा एक फॉन्ट आहे, त्याला हमाल म्हणतात. सगळ्या रेघा सारख्या जाड, रूप नाही, पण पावसात, धुक्यात, हलत्या गाडीतून वाचून घ्या. हमालात मी तेच नाव लावलं, पांढऱ्यावर काळं, हाताच्या पंजाएवढं.

या वेळी आईने वाचलं. शाळेतल्या मुलीसारखं, बोट ठेवून, एकेक अक्षर, नाव आणि मग आडनाव, सगळं बरोबर. मावशी, म्हणजे तिची देखभाल करणारी बाई, माझ्याकडे बघून हसली. आईने हात उचलून दारावर टकटक केलं. थांबली. कान लावला. पुन्हा टकटक केलं.

“आत नाहीत वाटतं,” ती मला म्हणाली. “कधी येतात हो या बाई?”

“येतील,” मी म्हटलं.

“चांगल्या घरच्या दिसतात नावावरून. उगाच कशाला लोकांच्या खोलीत जायचं.” आणि ती पदर सावरावा तशी स्वेटरची बटणं सारखी करून न्यायाधीशांच्या खोलीत गेली.

मावशीचं हसू तसंच राहिलं होतं, तिला ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, “चहा घेऊ या का?” आम्ही चहा घेतला. चहा गरम होता, बाकी काही सांगता येणार नाही.

दादाला संध्याकाळी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “वरचा मजला इतका वाईट आहे का गं? म्हणजे सुरक्षित तरी असेल ना?” मी म्हटलं, सुरक्षित आहे. तो म्हणाला, “तू रडत नाहीयेस ना?” मी म्हटलं, “नाही रे.” त्याला बरं वाटलं. तो रडत होता.

महिना सरत आला. मेट्रनबाई वरच्या मजल्यावरच्या पलंगाचं बोलायला लागल्या. खिडकीजवळचा देते म्हणाल्या, त्यांच्या परीने उपकारच होता. मी होमला रोज जात होते, आईशेजारी बसत होते, आणि ती मला कधी दूधवाली, कधी गिऱ्हाईक, कधी लाइटबिलवाली समजत होती. मी जी असेन ती होत होते. त्यात एक सोय असते, आपण कोण ते आपल्याला ठरवावं लागत नाही.

एक दिवस मावशीने मला दारातच गाठलं. “ताई, तुमच्या आईला साबण पुरत नाही बघा. वडी झिजून पातळ झाली की उशीखाली लपवतात. आणि मग हे.” तिने पलंगावरची तपकिरी घोंगडी झटकून पसरली. “धुतली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. आडवा इंग्रजी आठ काढतात की काय कोण जाणे.”

साबणाच्या चकतीचं मला नवल नव्हतं. खडू संपला की शिवणारे लोक झिजलेला साबणच वापरतात. कापडावर उमटतो आणि धुतला की डाग राहत नाही. आमच्या घरी अंघोळीची वडी कधी पूर्ण संपली नाही, अर्धी दुकानात जायची. पण घोंगडीवर होता तो आठ नव्हता.

“ळ आहे,” मी म्हटलं.

“ळ ने काय सुरू होतं?” मावशीने विचारलं.

“काहीच नाही. म्हणून तर.”

आईच्या दुकानात नावं लिहायची पद्धत नव्हती. गिऱ्हाइकाने कापड दिलं की आई ते उलट्या बाजूला वळवायची आणि त्याच्या नावाचं पहिलं अक्षर खडूने मोठं काढायची, वीतभर, एकच. बेतताना, शिवताना, गठ्ठ्यातून ओढताना लांबून कळायला हवं. क चा गठ्ठा, म चा गठ्ठा, स चे तर दोन-तीन. आणि घरचं कापड, दादाची पँट, माझा फ्रॉक, उशांचे अभ्रे, ते गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यात जाऊ नये म्हणून त्यावर ळ. कारण ळ ने कुणाचंच नाव सुरू होत नाही. जगातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाने येऊन तो ळ माझा आहे असं म्हणणं शक्य नव्हतं. दादा आणि मी एकमेकांना चिडवायचो, ळ ने सुरू होणारा शब्द सांग नाहीतर तुझी नारळाची वडी मी खाणार. माझ्या शाळेच्या सगळ्या कपड्यांच्या आत, अस्तराच्या खाली, धुऊन पुसट झालेला एक ळ होता. हे मी विसरले नव्हते. आठवलं मात्र नव्हतं.

मी घोंगडीवर गुडघे टेकून बसले. साबणाची चकती चपटी असते. सपाट बाजूनं खाली ओढली की जाड रेघ येते, आणि मनगट न वळवता हात आडवा गेला की कडेची केसाएवढी रेघ. आईचा ळ जाड उतरत होता, बारीक वळत होता, पुन्हा जाड, आणि शेवटी जिथे हात थांबे तिथे दाब पडून एक टपोरा थेंब. मी फोन काढून माझा ळ शेजारी धरला, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा. डावं पोट किंचित मोठं, उजवं किंचित वर. थेंब त्याच जागी. मी तो ळ काढायला एक अख्खा हिवाळा घालवला होता, जुने नमुने धुंडाळले होते, शंभर वेळा खोडला होता. आणि एका दुपारी तो झाला होता, आपोआप, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. वळणाचं पाणी वळणाला जायचं, ते गेलं होतं.

“ताई, बरं वाटत नाहीये का?” मावशीने विचारलं.

“ठीक आहे,” मी म्हटलं. तेव्हाही काही वाटलं नव्हतं, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पुस्तिकेच्या पानावर मी एक ओळ वाढवली: हा फॉन्ट वाचायला नाही, ओळखायला वापरावा. मालकाने विचारलं, “म्हणजे काय?” मी म्हटलं, “म्हणजे तेच.” त्याने ओळ तशीच ठेवली. मग मी कापायच्या मशीनवर काळ्या स्टिकरचा रोल लावला आणि ळ लावला, एका दाराच्या रुंदीएवढा. मशीन कापत असताना विक्रीवाला येऊन उभा राहिला. म्हणाला, “एवढा मोठा कोणाला लागतो?” मी म्हटलं, “एक गिऱ्हाईक आहे.” तो म्हणाला, बिल कुणाच्या नावाने?

मेट्रनबाईंना ते पटत नव्हतं. “सगळ्या दारांना एक शिस्त आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या बाकीच्यांनी मागितलं तर?”

“बाकीच्यांना बाकीची अक्षरं आहेत.”

“आणि ळ म्हणजे? त्यांच्या नावात तर ळ नाही कुठे.”

“नाही,” मी म्हटलं. “नाव लावून झालं बाई. नाव त्या वाचतात आणि निघून जातात. हे एकदा बघू. नाही जमलं तर वरची खोली मी स्वतः लावून देते.”

त्यांनी सुस्कारा सोडून हात हलवला. मी हमाल काढला, दार पुसलं, आणि मावशीच्या मदतीने ळ चिकटवला, छातीच्या उंचीवर, दाराच्या रुंदीभर. बुडबुडे फडक्याने दाबून काढले. सायीच्या रंगावर काळा ळ, भोवती दाराची मोकळी जागा, शेजारी दुसरं काही नाही. बाईसाहेबांना एवढी चांगली जागा कधी मिळाली नव्हती. बारीक रेघसुद्धा बोटाएवढी झाली होती, पॅसेजच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होती.

आई बागेतून आली. मावशी दोन पावलं मागे, हात न धरता. मेट्रनबाई ऑफिसच्या दारात हाताची घडी घालून उभ्या. मी समोरच्या भिंतीला टेकले होते आणि स्वतःला सांगत होते, बघू नकोस तिच्याकडे, ती तुझ्या मागे येईल. ती पहिल्या दाराकडे वळली, मूठ फिरवली, मावशीने श्वास घेतलेला मला ऐकू आला. मग आईने मान वर केली.

तिने मूठ सोडली. पॅसेजच्या मधून सरळ चालत आली, दुसऱ्या कुठल्याही दाराकडे न बघता, गिऱ्हाईक उभं असताना गठ्ठ्याकडे जायची तशी. ळ समोर थांबली. जाड रेघेवर तळवा ठेवला, खाली ओढला, वळणाशी मनगट तसंच ठेवून हात आडवा नेला.

“घरचं,” ती म्हणाली, दार उघडून आत गेली आणि पलंगावर बसली.

मेट्रनबाईंनी हाताची घडी सोडली. “असं आहे होय,” त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, “तो वरचा पलंग मी दुसऱ्यांना सांगते मग.” त्या ऑफिसात गेल्या. मावशी नाक पुसत होती. मी तिथेच टेकलेली. काम झालं होतं. काम झाल्यावर माणसाला हायसं वाटतं, मी त्याची वाट बघत होते.

“बाई, आत या ना,” आईने खोलीतून हाक मारली. “दारात काय उभ्या? कोट द्यायचाय का?”

मी आत गेले. अंगात गडद निळा लोकरीचा कोट होता, जुना, मी नोकरीला लागले तेव्हाचा. काढायला लागले तर ती म्हणाली, “राहू द्या, अंगावरच बघते.” तिने उठून माझे खांदे चाचपले, बाही उचलून बघितली, कॉलर उलटी केली. टाक्यांवरून नख फिरवलं.

“ही शिवण कुणाची?”

“माझ्या आईची.”

“हात चांगला आहे,” आई म्हणाली. “कुठल्या दुकानात बसतात?”

“आता नाही बसत.”

“असं होय.” तिने कॉलर पुन्हा नीट बसवली आणि माझं तोंड जरा वेळ निरखून बघितलं. कपड्याचं माप घेताना बघतात तसं, ओळखीचं काही नव्हतं त्यात. “वळा,” ती म्हणाली.

मी दाराकडे तोंड करून उभी राहिले. मागे उशी सरकल्याचा आवाज झाला. मग पाठीवर काहीतरी टेकलं, दोन खांद्यांच्या मधे, आणि दाबून खाली आलं. जाड रेघ. कोटातून, शर्टातून, हाडापर्यंत कळत होती. मला ठाऊक होतं यानंतर काय येतं. साबण कडेवर जातो, हात हलका होतो, आणि एवढ्या जाड लोकरीतून केसाएवढी रेघ कुणाला जाणवणार.

“हलू नकोस,” आई म्हणाली.

मी हलले नाही. साबण वळला. आणि ती रेघ मला जाणवली, बारीक, पाठीवरून आडवी जाणारी, सगळीच्या सगळी, आणि मग दुसरं जाड पोट, दुसरी बारीक रेघ, आणि शेवटी जिथे तिचा हात थांबला तो थेंब.

“हे घरचं आहे,” आई माझ्या पाठीशी म्हणाली, मला नाही, दुकानात कुणी असेल त्याला. “गिऱ्हाइकाला द्यायचं नाही.” मग खांद्यावर एक थाप मारली. “जा. खाली बस.”

मी पलंगाच्या कडेला फरशीवर बसले, तिच्या पायांशी, पाठ कशाला टेकू न देता, आणि रडले.